भेंडीचा चिनी कौल

"गाय सांभाळ, भलं होईन, असं आलं हाय," बाप म्हणे. "जामले जाचं नाई."

"बाबा, आपल्या घरी गाय हाय का पण?"

"म्हणूनच तं सांगून राह्यला तो."

तो म्हंजे चिनी कौल. माया बाप नानाजी, बोरगाव मेघेत भाजीचं दुकान. मोबाइलवर कायतरी पाह्यलं न् वर्ध्याहून हिंदी पुस्तक घेऊन आला. तीन नाणी सहा खेपा फेकाची. छाप्या-काट्यावरून रेघ ठरते, अख्खी नाई तं तुटकी. खालून वर सहा रेघा मांडल्या का पुस्तकात पाहाचं. एखाद्या खेपेले तिन्ही नाणी सारखी पडली तं ती रेघ बदलते, अख्खीची तुटकी होते, न् मंग कौलही बदलते. आज कागद सापडला नाई, तं बापानं भेंड्या मांडल्या. अख्ख्या रेघेले अख्खी, तुटक्या रेघेले मोडलेली.

मले हायवेवरच्या जाम गावी टायरच्या दुकानात काम भेटलं. मालक महादेवराव म्हणे, अकरापर्यंत येजो, नाई तं दुसरा पोरगा ठेवतो. शेजारच्या कैलासचा टेम्पो तिकडंच चालला होता, बाहेर उभा. दहावी सोडल्यापासून मी नुसतं मेथीवर पाणी शिंपडून राह्यलो. मी म्हटलं, रेघ बदलून पाहा. बाप म्हणे, एकही खेप तिन्ही सारखी नाई पडली, बदलाचा सवालच नाई. मायं डोकं सरकलं. म्हटलं, आणतोच गाय, इथंच बांधतो, खाऊ दे तिले सारी मेथी. बापानं मले हाणाले कोहळं उचललं.

तेवढ्यात गल्लीतली कुंताबाई आली. भेंडी घ्याची म्हटलं का ही एकेकीचं टोक मोडून पाह्यते. तिनं कौलातली सगळ्यात खालची भेंडी उचलली, कटकन मोडली न् होती तिथं ठेवली.

"जून हाय," म्हणे.

बापाचं कोहळं हातातच. खालची अख्खी रेघ तुटकी झाली होती. मी पुस्तक ओढलं, आता जसं चित्र झालं तसं शोधलं. कौल निघाला, 'प्रवासी'.

बाप म्हणे, नाण्यानं बदलली पाह्यजे, कुंताबाईनं नाई. मी म्हटलं, तसं लिहून असन तं दाखवा. त्यानं कोहळं ठेवलं, चष्मा लावला, पानं उलटवली, काई सापडलं नाई. मंग त्या बदललेल्या रेघेचं वाचलं.

"पाय इकडंतिकडं पडतीन," तो हळूच म्हणे, "पण पाहून चाललं तं दोष नाई. जाय."

आता कोणत्या सीटवर बसाचं ते पाहाले तो पुन्हा नाणी फेकून राह्यला, न् कुंताबाईचा हात दुसऱ्या भेंडीकडं चालला. मले निघा लागते आता.