समोरच्या बाजूचा बाप

रखमाजीचा आवाज हा टाकवे बुद्रुकात एकट्या रखमाजीचा राहिला नव्हता, तो गावाच्या मालकीचा झाला होता. त्यानं बांधावर उभं राहून हाक मारली की गावातली कुत्री बसल्या जागी सरळ व्हायची, आणि लांब मळवलीच्या थांब्यावर उभी असलेली लोकल गार्डाची शिट्टी झाली असं समजून निघून जायची. रेल्वेचा एक साहेब मुद्दाम येऊन गाड्यांच्या वेळा त्याच्या हातात देऊन गेला म्हणतात. निदान तेवढ्या वेळात तरी भाऊंनी हळू बोलावं, एवढीच साहेबाची विनंती होती.

तरुणपणी रखमाजी कबड्डीत डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा. चढाईला आलेल्याचा घोटा त्याच्या हातात सापडला की तो गडी पुढे कितीतरी रात्री झोपेत पाय झाडायचा, असं त्या गड्यांच्या बायका सांगायच्या. पण त्या काळी कबड्डीत ढाल मिळायची, नारळ मिळायचा आणि फार तर फोटो. करार, लिलाव, टीव्ही हे सगळं त्याच्या मुलाच्या, निलेशच्या नशिबी आलं.

निलेशला पहिल्यांदा लीगमध्ये घेतलं ते 'सह्याद्री सरदार' या संघानं. निळा बनियन, छातीवर पगडीचं चित्र. ही बातमी आली त्या दिवशी गावाची जत्रा होती. रखमाजीनं सगळ्या बाप्यांना खंडोबाच्या देवळात गोळा केलं आणि बेलभंडारा उचलायला लावला. बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द टाकव्यात आजवर कुणी मोडलेला नाही. रखमाजी बोलला आणि मागून सगळे बोलले, "जित्ता हाय तवर आमी सरदारांचे!"

निलेश आणि सरदार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या गर्दीत एकाच्याही डोक्यात आलं नाही. येणार कसं? गावच्या संघात जो जन्मला तो त्या संघातच म्हातारा होतो. खेळाडू एकीकडे आणि संघ दुसरीकडे, असं कधी कुणी पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर गाव जे निळं झालं, ते बघायला लोणावळ्याचे पाहुणे चिक्की खात खात यायला लागले. बैलांची शिंगं निळी, देवळाची पायरी निळी, बोअरचा हापसा निळा. मकसूदभाईनं आपला टेम्पो निळा केला आणि उरलेला रंग ओढ्यात धुतला, तर आठवडाभर खालच्या वाडीत भात निळसर शिजला. शालूबाईची कोंबडी निळं अंडं द्यायला लागली, हे मात्र थोडं वाढवून सांगतात. अंडं नुसतं निळसर होतं.

निलेश दोन हंगाम सरदारांकडून खेळला, गावानं ते सगळे सामने टीव्हीवरच बघितले. दुसऱ्या हंगामात गुडघ्याला पट्टा बांधून खेळला, बोट मोडलं तर शेजारच्या बोटाला चिकटवून खेळला. मग करार संपला. सरदारांनी त्याला ठेवून घेतलं नाही. लिलाव झाला आणि त्याला 'किनारा किंग्ज'नं उचललं. नारंगी बनियन, एकाच हंगामाचा करार. पहिल्या चार सामन्यांत जमलं नाही तर उरलेला हंगाम बाकावर, असं तिथल्या प्रशिक्षकानं तोंडावर सांगितलं होतं. त्यातले तीन सामने बरे-वाईट करत गेले. चौथा आला तो नेमका पुण्यात, आणि तोही सरदारांशी.

गावाला तेव्हा कुठे कळलं, की आपण काय करून बसलोय.

"आता रं, रखमाभाऊ?" मकसूदभाई टेम्पोच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला. "नारंगी देऊ का एक हात?"

"रंगाचं सोड. भंडाऱ्याचं काय?"

"ते तुमच्या देवाला विचारा. मी आपला तोंडी शब्द दिलाय, पन त्योबी मोडायचा न्हाई मी. तुमी जिकडं, तिकडं मी."

देवाला विचारायचं ठरलं. हनुमंत गुरवानं खंडोबाला कौल लावला. देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी पडली तर शब्दातून मोकळीक, डावी पडली तर नाही. सगळा गाव श्वास रोखून बसला. पाकळ्या हलेनात. ऊन चढलं, पोरं घरी जाऊन जेवून आली, म्हातारे बसल्या जागी झोपून उठले, तरी पाकळ्या होत्या तिथंच. शेवटी हनुमंताला शिंक आली आणि दोन्ही एकदम पडल्या.

"म्हंजी काय?" रखमाजीनं विचारलं.

हनुमंतानं नाक पुसलं. "म्हंजी द्येव म्हनतोय, तुमचं तुमी बघा. मला कबड्डी कळत न्हाई."

त्या संध्याकाळी निलेशचा फोन आला. रखमाजीनं पिकाचं विचारलं, पाण्याचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं. शेवटी त्याच्या बायकोनं, नंदाबाईनंच फोन ओढून घेतला.

"निल्या, तुजा बाप तुज्या इरोदात वरडनार हाय. गावातली समदी बाप्ये माणसं. भंडारा उचललाय म्हनं."

मग निलेश म्हणाला, "आबांना द्या."

रखमाजीनं फोन कानाला लावला.

"आबा, त्यांनी मला सोडलं. फोनसुदिक केला न्हाई. मी टीव्हीवर बघितलं. आन तुमी त्यांच्यासाटी वरडनार?"

"त्यांनी सोडलं. आमी कुटं सोडलं?"

"म्हंजी त्यांना न्हाई सोडलं."

"शबुद दिलाय, बाळा. द्येवाफुडं."

"बरं," निलेश म्हणाला आणि फोन ठेवला.

पोरगा भांडला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, तर रखमाजीला झोप लागली असती. पण ते 'बरं' त्याच्या छातीवर जात्यासारखं बसलं. दुसऱ्या दिवसापासून त्याचा आवाज गेला. म्हणजे घसा नीट होता, पण त्याला बोलावंसंच वाटेना. तिकडे मळवलीला लोकल उशिरा सुटायला लागल्या.

सामन्याच्या दिवशी सकाळी आणखी एक भानगड झाली. नंदाबाईनं गावातल्या सगळ्या बायका नारंगी लुगड्यांत उभ्या केल्या.

"ह्ये काय सोंग?" रखमाजी म्हणाला.

"सोंग न्हाई. तुमी भंडारा उचलत व्हता तवा आमी जत्रंच्या भाकऱ्या थापत व्हतो. आमाला कुनी इचारलं? आमी कुनाला शबुद दिल्याला न्हाई. आमी आमच्या पोराकडनं."

"घरात फूट पाडती व्हय गं?"

"फूट तुमच्या भंडाऱ्यानं पाडली. सरका, पुढं बसू द्या."

मकसूदभाईच्या निळ्या टेम्पोत पुढच्या बाजूला नारंगी बायका आणि मागच्या बाजूला निळे बाप्ये, मध्ये ताडपत्रीचा पडदा, अशी ती वरात हमरस्त्यानं पुण्याला गेली. बायका गाणी म्हणत होत्या. बाप्ये मयताला निघाल्यासारखे बसले होते.

स्टेडियममध्ये बायका एका बाजूला गेल्या, बाप्ये समोरच्या बाजूला. मधे ते हिरवं मॅटचं मैदान, आणि वर एवढे दिवे, की हनुमंत गुरवानं सवयीनं हात जोडले.

सामना सुरू झाला. निलेश पहिल्या चढाईला आला, रेषा ओलांडली, समोरच्या निळ्या घोळक्याकडे न बघता वर बाप्यांच्या बाजूला बघितलं, आणि रिकाम्या हातानं परत गेला. दुसऱ्या चढाईला तसंच. तिसऱ्याला सरदारांच्या डाव्या कोपऱ्यातल्या गड्यानं त्याला असा अलगद धरला, जसा कुणी ओट्यावरून तांब्या उचलावा.

सगळं स्टेडियम उठून नाचलं. टाकव्याच्या बाप्यांनीही शब्दाला जागून टाळ्या वाजवल्या, पण झोपलेल्या लेकराला थोपटावं तशा. रखमाजीनं हातसुद्धा उचलला नाही. मांडीखाली दाबून बसला होता.

"वरडा की, रखमाभाऊ," मकसूद त्याच्या कानात म्हणाला. "भंडाऱ्याचे मुख्य तर तुमी."

"घशातनं निगंना."

"मग मनातल्या मनात तरी वरडा. वरच्याला तेवढंबी ऐकू जातंय."

निलेश बाहेर बसला. परत आत आला, परत सापडला. किनाराच्या प्रशिक्षकानं एकदा घड्याळाकडे बघितलं आणि एकदा बाकावरच्या दुसऱ्या पोराकडे. समोरच्या बाजूला नंदाबाई तोंडाला पदर लावून उभी होती. बायकांची गाणी थांबली होती.

रखमाजी पोराच्या पायांकडे बघत होता. पाय ठीक होते. गुडघा ठीक होता. मग चुकत कुठे होतं? पोरगं चढाईला जात होतं आणि मध्येच थबकत होतं, मान वळवत होतं, काहीतरी ऐकू यायची वाट बघितल्यासारखं. आंधळा माणूस काठी हरवल्यावर चाचपडतो ना, तसं.

आणि एकदम रखमाजीच्या डोक्यात उजेड पडला. निलेश रांगायला लागला तेव्हापासून खळ्यावर रोज संध्याकाळी एकच खेळ चालायचा. निलेशनं चढाई करायची आणि बापानं कोपऱ्यात बसून धरायचं. मोठा झाला, गावच्या पोरांत खेळायला लागला, तरी रखमाजी कायम पकडणाऱ्यांच्या मागे उभा. "धर! डावा पाय धर त्याचा! सोडू नगंस!" शेजारणी म्हणायच्या, कसला बाप हा, पोराच्या वाईटावर. पण त्या ओरडण्यातूनच निलेशला कळायचं, कोण कुठून येणार, कुठून निसटायचं. तो आवाज अंगावर घेतच तो चढाया शिकला होता. बाप समोर असून गप्प बसलाय असा सामना तो जन्मात खेळला नव्हता.

किनाराची चढाई आली. त्यात गुण मिळाला नसता तर चढाई करणाराच बाद होणार होता. प्रशिक्षकानं बोट केलं, निलेश. जवळजवळ 'जा, एकदाचा हो बाद' असंच.

रखमाजी उठला. मांडीखालून हात काढले, तोंडाशी धरले, आणि फोनच्या दिवसापासूनचा साठलेला सगळा आवाज एकदम सोडला.

"धर त्याला! सरदारांनो, धरा! डावा पाय! डावा!"

पुढच्या तीन रांगांतल्या लोकांच्या टोप्या उडाल्या. निवेदकाचा माइक लाजून बंद पडला. वर लावलेल्या दिव्यांपैकी एक-दोन विझले म्हणतात, पण ते आधीपासूनच मिणमिणत असावेत. बाप्यांनी क्षणभर रखमाजीकडे पाहिलं आणि मग त्यांचाही बांध फुटला. "धर! धर! सोडू नगंस!" सगळं टाकवे मनापासून, पोटातून सरदारांसाठी ओरडायला लागलं.

"मुडदा बशिवला तुमचा!" समोरून नंदाबाईचा आवाज मैदान ओलांडून आला. "पोटचं पोर हाय त्ये!"

निलेशनं या वेळी वर बघितलं नाही. त्याचे खांदे खाली आले. पावलं हलकी झाली. सरदारांच्या डाव्या कोपऱ्यावरच्या गड्यानं रखमाजीचं ऐकलं, बिचाऱ्यानं खरंच ऐकलं, आणि डाव्या पायावर झेप घेतली. तो पाय तिथं नव्हताच. निलेश त्याच्यावरून पलीकडे गेला, आणखी दोघांना पाठीला लटकवून घेतलं आणि बैलगाडी ओढावी तसा त्यांना ओढत मध्यरेषेपर्यंत आला. बोटाचं टोक रेषेवर टेकलं.

पुढे रखमाजी शेवटपर्यंत बसला नाही. प्रत्येक चढाईला सरदारांना खराखुरा सल्ला देत राहिला. कुठला पाय कच्चा, कुठल्या बाजूला वळतो, सगळं. एक शब्द खोटा सांगितला नाही, उद्या खंडोबानं विचारलं तर तोंड दाखवता आलं पाहिजे. पण सरदारांना तो सल्ला झेपेना आणि निलेशला तो पाठ होता. किनारा जिंकलं. निलेशला बाकावर बसवायचं नाव प्रशिक्षकानं पुन्हा काढलं नाही.

सामना संपल्यावर सगळे खाली जाळीपाशी आले. निलेश घामानं निथळत जाळीच्या आत उभा होता. रखमाजी बाहेर. दोघांच्या मध्ये जाळी. नंदाबाई मागून पोचली, पण ती नवऱ्याशी न बोलण्याचं ठरवूनच आली होती.

"पहिल्या हाफात कुटं व्हता?" निलेशनं विचारलं.

"हितंच. वर."

"मग गप का?"

"तू बरं म्हनून फोन ठिवलास. मला वाटलं, आता आपन धर म्हनलं तर पोराच्या काळजाला लागंल."

निलेश जाळीला कपाळ टेकवून हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले, ते त्यानं नारंगी बाहीनं पुसले. "आबा, तुमी मला आजवर दुसरं काय म्हनलाय?"

रखमाजीनं जाळीतून दोन बोटं आत घातली. निलेशनं ती धरली.

"पन राग आल्ता मला," निलेश म्हणाला. "लय."

"येनारच. मलाबी आल्ता. माजाच."

"ह्यो करार ह्या हंगामापुरताच हाय, आबा. फुडल्या साली परत लिलाव. कुटं असंन, कुनाकडं असंन, मलाच ठाव न्हाई."

"कुटंबी अस." रखमाजीचा आवाज फाटला होता, जेमतेम जाळीपलीकडे पोचत होता. "आमी समोर असू."

"आन सरदारांनीच परत घेतलं तर?"

हे मात्र रखमाजीच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं मकसूदकडे बघितलं, मकसूदनं हनुमंताकडे बघितलं, हनुमंत वर दिव्यांकडे बघायला लागला. सरदारांकडून पोरगं खेळणार आणि गावही सरदारांचंच, मग 'धर' म्हणणार कोण?

नंदाबाईनं पदर खोचला. न बोलण्याचं ती विसरली होती.

"मी म्हनंन की," ती म्हणाली. "कसं म्हनायचं तेवढं शिकवा मला."