कुणाच्या घरी गेलं रक्त?

नवऱ्याचे कपडे ती लोकांच्या कपड्यांत कधी मिसळत नसे; ते सगळ्यात शेवटी, सावकाश. त्या सोमवारी त्याच्या शर्टाच्या दुमडलेल्या बाहीत कापसाची चिकटपट्टी निघाली, मधोमध लाल ठिपका असलेली. इस्त्रीवालीने इस्त्री उभी केली आणि समोरच्या टपरीत किल्ल्या घासणाऱ्या नवऱ्याला हाक मारली.

रक्त देऊन आलो, असं त्याने सांगून टाकलं. लपवाछपवी त्याला कधी जमलीच नाही.

"कुणाला दिलं?"

"ते सांगत नाहीत. नियम आहे त्यांचा."

"बाई आहे की बाप्या, एवढं तरी?"

त्याला तेही माहीत नव्हतं, आणि तिचा त्यावर विश्वास बसला नाही.

हसू नका. त्यांची जमात पिढ्यानपिढ्या मानत आली होती, की आपलं रक्त ज्याच्या अंगात जातं त्याच्या घराशी नातं जुळतं, लग्नाइतकं पक्कं. त्यात वीस वर्षांपूर्वी मोठ्या दवाखान्याने अख्ख्या गल्लीचं रक्त नळ्यांत भरून नेलं आणि कशासाठी, ते कुणालाच सांगितलं नाही. संशय उगाच आला नव्हता. पण या जमातीच्या रक्ताचा प्रकार निराळा, त्यांच्या आजाऱ्यांना परक्यांचं सहसा जुळत नाही, आणि देणारा एकही नाही. गल्लीतच वाढलेल्या नर्सताईने तीन वर्षं उंबरे झिजवले, मोठ्या डॉक्टरांना गल्लीत आणून माफी मागायला लावली, तेव्हा कुठे रविवारच्या शिबिराला बारा नावं लागली. किल्लीवाला तर आधीच जाऊन आला होता.

इस्त्रीवालीचं डोकं मात्र ठिकाणावर राहिलं नाही. दिसेल त्या बाईच्या गालांवरची लाली ती न्याहाळू लागली. कोपऱ्यावरची फळवाली हल्ली फारच टवटवीत दिसते, असं तिच्या मनाने घेतलं आणि तिचे कपडे घेणं तिने बंद केलं. जेवताना नवरा हसला, तरी कुणाच्या आठवणीने हसला याचा ती विचार करी. शुक्रवारी नळावर ती बायकांना म्हणाली, "पाठवा तुमच्याही नवऱ्यांना. मग बसा शोधत, सवत कुठल्या घरात आली ते."

रविवारी बाराच्या बारा खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

बुधवारी नर्सताई दुकानात आली. इस्त्रीवाली कंबर कसून भांडणाच्या तयारीत होती, पण नर्सताई भांडलीच नाही.

"नात्याचं तुम्ही मला मागेही विचारलं होतं, मावशी, आणि मी हसले होते. चुकलं माझं," ती म्हणाली. "नाव आजही सांगणार नाही. पण माझ्याबरोबर वॉर्डात तासभर बसाल?"

सवत दिसेल, एवढ्याच आशेने इस्त्रीवाली गेली.

खाटेवर सात-आठ वर्षांची मुलगी होती, त्यांच्याच जमातीची, दुसऱ्या वस्तीतली. ती उजव्या हातात रबरी चेंडू धरू पाहत होती आणि चेंडू घरंगळत होता. तिची आई आपणहून बोलू लागली. मागच्या आठवड्यात आपल्यातल्याच कुणाचं तरी रक्त मिळालं, पोर उठून बसली. दुसरी पिशवी रविवारी मिळायची होती, पण कुणी आलंच नाही. सोमवारी मेंदूला रक्त कमी पडलं आणि हा हात लुळा पडला.

"कुणी दिलं ते सांगत नाहीत हो," आई म्हणाली. "कळलं असतं तर त्याच्या घरच्यांच्या पाया पडले असते. त्यांनी त्याला अडवलं नाही."

इस्त्रीवालीने चेंडू उचलून दिला. तो पुन्हा पडला. तिला स्वतःची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर अजून थोडा मत्सरही वाटला. या पोरीशी नातं जुळलंच असेल, तर ते नवऱ्याचं एकट्याचं का?

"माझंही घ्या," ती नर्सताईला म्हणाली.

संध्याकाळी तिच्या कोपराजवळची पट्टी पाहून किल्लीवाल्याने विचारलं, "कुणाला?"

"नियम आहे," ती म्हणाली. त्या रात्री जेवताना ती हसली, तेव्हा कुणाच्या आठवणीने, असं त्याने दोनदा विचारलं.

सकाळी नळावर तिने बादली बाजूला ठेवली.

"एका पोरीचा हात गेलाय, माझ्या बोलण्यापायी," ती म्हणाली. "परत येईल की नाही, डॉक्टरांनाही माहीत नाही. येत्या रविवारी शिबिराच्या दारात मी बसणार आहे. तुमच्यातली कोण येतेय?"

मागून फळवालीने विचारलं, "किती वाजता यायचं?"