पुंजारामने तेल विकलं नव्हतं

"ताई, मोठ्या लोकांची वस्तू मोडली ना, की जवळ जो उभा आसंल त्याच्याच अंगावर येती. तुमच्या मालकांना म्हनावं, शिरगोंद्याच्या गाडीला हात लावू नका."

न्हाऊ-माखू घालायला येणारी बायडाबाई हे बोलली तेव्हा इंदूच्या आठ महिन्यांच्या मुलीला पायांवर पालथी घालून तिची पाठ चोळत होती. इंदू हसली. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली बाई ती. म्हणाली, "यंत्राला मोठा-लहान कळत नाही हो, बायडाबाई. मोडलं, तर मोडलेला भागच सांगतो का मोडलं ते."

"तो सांगंल. पर ऐकायला कोन बसलंय?"

इंदूने ते कानाआड केलं. मुलीच्या कानात पाणी तर गेलं नाही ना, एवढंच तिने दोनदा वाकून पाहिलं. बायडाबाईच्या जिवाला घोर होता, कारण त्या गाडीवर ड्रायव्हर तिचा नवराच होता, पुंजाराम.

गाडी श्रीगोंद्याच्या गोरक्षरावांची. घरचा ऊस, चुलत्यांचा तालुक्यात दबदबा, नगरला बंगला, आणि यांना नाद शर्यतीचा. जुन्या फियाटच्या इंजिनाची ताकद वाढवून त्यांनी ते पुण्याकडच्या घाटातल्या शर्यतीत पळवलं आणि एका पिस्टनच्या डोक्याला भोक पाडून घेतलं. उष्णतेने धातू अक्षरशः वितळला होता. इंजिन आलं इंदूच्या नवऱ्याकडे, नृसिंहच्या केडगावच्या वर्कशॉपमध्ये. इलाज त्याने बरोबर काढला. प्रत्येक पिस्टनखाली तेलाची एक बारीक पिचकारी बसवायची, म्हणजे इंजिन चालू असताना पिस्टनच्या पोटावर तेलाची धार बसत राहील आणि तो थंड राहील.

प्रश्न होता कुठली पिचकारी बसवायची याचा.

दोन प्रकार इंदूच्या स्वयंपाकघरातल्या खालच्या फळीवर ठेवलेले होते. एक गोरक्षरावांनी मुंबईहून आणलेला, तांब्याचा, लखलखीत, मोठ्या भोकाचा. दुसरा नृसिंहने लष्कराच्या लिलावातल्या भंगारातून निवडलेला. तो काळाकुट्ट, ग्रीसने माखलेला, कुठल्याशा डिझेल इंजिनाचा, आणि कापून-वाकवून घेतल्याशिवाय न बसणारा.

एका दुपारी मुलीने त्यातली काळी पिचकारी उचलली आणि थेट तोंडात घातली. इंदूने झडप घालून ती काढून घेतली, तर आत काहीतरी खुळखुळलं. तिने नृसिंहचा पाना घेऊन ती खोलली. आत एक चिमुकली स्प्रिंग आणि तिच्या टोकाशी स्टीलची गोळी. पुढच्याच क्षणी गोळी दिसेना! इंदूने पाना टाकून मुलीला उचललं. तिने मुलीच्या तोंडात बोट घातलं, घसा चाचपला, मुलीला उलटी धरली. गोळी निघाली इंदूच्याच पदराच्या घडीत. मुलीने रडून घर डोक्यावर घेतलं. इंदूही रडली, आणि मग डोळे पुसून त्या गोळीकडे बघत बसली.

ती इथे कशाला असेल?

तिने पिचकारी पुन्हा जोडली, रॉकेल भरलं आणि मागून सायकलचा पंप लावला. हळू दाबलं तर थेंबसुद्धा नाही. सगळा जोर लावून दाबलं तेव्हा गोळी मागे सरली आणि धार थेट समोरच्या भिंतीवर. तांब्याच्या पिचकारीचं तसं नव्हतं. ती जोर असो-नसो, गळतच होती.

नृसिंह जेवायला आला तेव्हा तिने ताट वाढण्याआधी भिंत दाखवली.

"अहो, आपल्या आळीत नळाला पाणी कसं येतं? तोंडाशी राहणाऱ्यांनी तोटी सताड उघडी ठेवली, की आपल्याकडे नुसती हवा. इंजिनाचं तेच. गाडी पळत असली की तेलाला जोर असतो, सगळ्यांना पुरतं. पण गाडी तापून हळू चालायला लागली की जोर कमी. तेव्हा ह्या उघड्या पिचकाऱ्या सगळं तेल पिऊन टाकतील. तळाशी फिरणाऱ्या क्रँकच्या बेरिंगांना काय मिळणार?"

"हवा," नृसिंह भिंतीवरचा डाग पाहत म्हणाला. "अगं, मीही काळ्याच बसवणार होतो. पण गोरक्षरावांना पटायला पाहिजे."

गोरक्षरावांना पटलं नाही. वर्कशॉपच्या दारात उभं राहून त्यांनी काळी पिचकारी दोन बोटांत अशी धरली, जणू मेलेलं झुरळ. "असलं भंगार माझ्या इंजिनात? वहिनी, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा, जास्त तेल म्हणजे जास्त थंड, बरोबर की नाही?"

"पळताना बरोबर. हळू चालताना नाही."

"हळू चालवायला मी काय नवरदेव आहे?" ते खदखदून हसले. मागे उभ्या असलेल्या पुंजारामलाही मालकाबरोबर हसावं लागलं.

नृसिंहने मान डोलावली. इंदूला त्या मानेचा संताप आला. गिऱ्हाईक मोठं, आणि त्यांच्या चुलत्यांच्या उसाच्या ट्रकांचंही काम इथेच येई. तांब्याच्या पिचकाऱ्या बसल्या. नृसिंहने पुंजारामला बाजूला घेऊन तेवढं बजावलं, "तापलेली गाडी उभ्याउभ्या चालू ठेवायची नाही. तेलाचा लाल दिवा लुकलुकला की लगेच बंद. कळलं?"

"कळलं, मालक."

आणि वैशाखात गोरक्षराव खरोखरच नवरदेव झाले.

लग्न श्रीगोंद्याला. नृसिंह, इंदू आणि मुलगी, तिघंही गेली. वरात निघाली ती त्याच फियाटमधून, पुढच्या काचेवर झेंडूच्या माळा, मागे नवरा-नवरी, स्टीअरिंगवर पुंजाराम. पुढे बँड आणि लेझीम. गाडी चार पावलं सरकायची की थांबायची. दर पाराशी, दर ओट्याशी कुणीतरी नाचायला उतरायचं आणि नोट ओवाळायचं. दिवस मावळायला आला तरी जमिनीतून वाफा निघत होत्या आणि इंजिन जागच्या जागी धडधडत होतं.

इंदू मुलीला कडेवर घेऊन एका ओट्यावर उभी होती. रात्री झोपेत मुलीचा श्वास बदलला तरी ती उठून बसणारी. तिला इंजिनाचा आवाज बदललेला कळला. खालून ठकठक येत होती. तिने पुंजारामकडे पाहिलं. त्याची नजर एकाच ठिकाणी खिळली होती, आणि तो मान वळवून सांगत होता, "मालक, लाल दिवा लागलाय. थोडा येळ बंद करू द्या."

उत्तर गोरक्षरावांच्या चुलत्यांनी बाहेरून खिडकीत डोकं घालून दिलं. "वरातीतली गाडी बंद करतो? अपशकुन करतो का रे भाड्या? चालू ठेव!"

इंदू ओट्यावरून उतरली, गर्दीतून वाट काढत गाडीपाशी पोचली. "काका, इंजिन जळेल. ऐका माझं. पाच मिनिटं बंद करा."

"ए, बायांना मागं घ्या रे!" चुलते ओरडले आणि बँडवाल्यांना हात केला. वाजवा!

मारुतीच्या देवळासमोर इंजिनाने एक कर्कश किंकाळी फोडली आणि ते जाम होऊन बसलं. जागचं हलेना. मग पोरांनी नवऱ्या मुलाची गाडी ढकलत नेली. गल्लीतलं कुणीतरी म्हणालं, "शर्यतीची गाडी म्हनं!" आणि हशा पिकला.

त्या हशाची किंमत कुणीतरी चुकवायलाच हवी होती. चुलत्यांनी पुंजारामला गळपट्टीला धरून गाडीबाहेर ओढला आणि सगळ्या वऱ्हाडासमोर त्याच्या थोबाडीत मारली. "इंजिनातलं तेल काढून विकलंस! चोरा!" पुंजाराम म्हणत होता, "तेल मोजायची पट्टी काढून बघा, मालक, तेल पुरं हाय." पण बोनेट उघडायला कुणी पुढे होईना. नृसिंह पुढे झाला, तर दोघांनी त्याला दंडाला धरून थोपवलं. गोरक्षराव मुंडावळ्या सावरत गाडीतच बसून राहिले.

गाडी केडगावला आणून खोलली तेव्हा गोरक्षराव समोर होते. इंदू मुलीला मुद्दाम शेजारी ठेवून आली होती. नृसिंहने इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचं बूच काढलं. तेल काळं पडलेलं, पण पुरेपूर. मग पिस्टन निघाले. चारही स्वच्छ, गुळगुळीत, ओरखडा नाही. आणि बेरिंगं? निळी-काळी पडून क्रँकला चिकटलेली.

"बघा," इंदू म्हणाली. "तेल चोरीला गेलं असतं तर पिस्टनही जळले असते. तेल होतं. ते तुमच्या पिचकाऱ्यांनी पिस्टनला पाजलं आणि बेरिंगांना उपाशी ठेवलं."

गोरक्षरावांनी त्या बेरिंगांवरून बोट फिरवलं. मूर्ख माणूस नव्हता तो, हेच तर खरं दुखणं. "बरोबर आहे वहिनी तुमचं. आता त्या काळ्याच बसवा."

"आणि पुंजाराम?"

"त्याचं काय?"

"गावासमोर सांगा, की त्याने चोरी केली नव्हती."

"काकांचा शब्द गावासमोर खोटा पाडू? नव्या सोयऱ्यांपुढे?" त्यांनी किल्ली खिशात टाकली. "ड्रायव्हरला काय, दुसरीकडे मिळेल नोकरी."

कुठे मिळणार? तेलचोर म्हटल्यावर कोण त्याच्या हातात गाडी देणार? ट्रकवाल्यांनी नकार दिला, एसटीतल्या ओळखीच्याने तोंड फिरवलं. बायडाबाई शेवटची आली ती मुलीला चोळून निघून गेली. 'सांगितलं होतं' असंही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"मी तरी काय करू? खरं काय ते त्यांना दाखवलं ना आपण?" नृसिंह म्हणाला.

"ज्यांना ठाऊकच होतं त्यांना दाखवलंत. ज्यांच्यासमोर त्याला मारलं, त्यांना कोण दाखवणार?" इंदूने जळकं बेरिंग फडक्यात गुंडाळून मुलीचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवलं. फियाट आता काळ्या पिचकाऱ्यांवर छान पळते. नगरच्या रस्त्यावरून जाताना हॉर्नसुद्धा देते.

पुंजाराम मात्र बायकोला घेऊन निघून गेला. सोनईकडे दुष्काळी कामावर खडी फोडताना कुणी त्याला पाहिला म्हणतात. वर्कशॉपला थांबणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला इंदू गाठते आणि एकच सांगते. तेच ती तुम्हालाही सांगते आहे:

"सोनईच्या बाजूला गेलात तर खडीच्या कामावर जरा थांबा. उंच, किरकोळ माणूस, डाव्या भुवईवर जुना वण, बायको बरोबर असेल. त्याला बाजूला घेऊन विचारू नका. चारचौघांत, मोठ्याने हाक मारून विचारा, 'पुंजाराम ड्रायव्हर, बरे आहात ना? गाडीत तेल पुरं होतं, केडगावच्या वहिनींनी बघितलंय.' आणि तो कसा आहे, बायडाबाईला खायला-ल्यायला आहे का, एवढं मला येऊन सांगा."