दोन गोटे

शेषरावांनी मोनालीच्या तळहातावर दोन गोटे ठेवले आणि आपल्याच हातानं तिची बोटं त्यांच्यावर मिटवली. नाल्यातून वेचून आणलेले गोटे होते, लिंबाएवढे, तिथला गारवा अजून पोटात धरून असलेले.

"अठून जनावर आलं तं एकदाच वाजवजो," ते कुजबुजले. "टक्. बस. जोरात वाजवलं तं उधळते, मंग कुठंबी घुसते. हळू वाजवलं तं नुसतं तोंड फिरवते."

"तोंड फिरवून कुठं जाते?"

"बंदुकीकडं."

बंदुकीपाशी राजदीप बसला होता, मोनालीचा नवरा. दोघांनाही ते ठाऊक होतं, म्हणून त्याचं नाव कोणीच घेतलं नाही.

शेषरावांना खोकला आला. रेल्वेत की-मॅन होते ते. रुळांच्या चाव्या हातोडीनं ठोकत उभा जन्म दल्लीराजहराच्या लाइनीवर चालले. नोकरीतून ते निवृत्त झाले, गिट्टीची धूळ काही त्यांच्या छातीतून निवृत्त झाली नाही. तोंडावर गमछा धरून ते खोकले, डोळे पुसले आणि पायवाटेपलीकडच्या तेंदूच्या झुडपामागे जाऊन उकिडवे बसले. मोनाली अलीकडे, मोहाच्या बुंध्याआड. दोघांच्या मधून पायवाट खाली नाल्याकडे उतरत होती. नाल्यापलीकडे डोंगर. तिथं पोचलेलं जनावर गेलंच म्हणून समजायचं. ते तिथवर पोचू नये म्हणून या जागेवर माणूस बसवतात. गावात त्याला रोक म्हणतात.

हे रान शेषरावांचा जुना दोस्त बळीराम याच्या गावचं, आणि त्या गावात शेषरावांची एवढी एकच कीर्ती होती. तरुणपणी रेल्वे गँगच्या झोपडीत राहत असताना ते बळीरामच्या हाक्यांना, जनावर बंदुकीकडे हाकायला, जायचे. बंदूक त्यांनी कधी हातात धरली नाही. पण शेषरावची बाजू म्हणजे भिंत, त्याच्याकडून आजवर एक जनावर निसटलं नाही, असं बळीराम अजून चारचौघांत सांगायचा, आणि ते ऐकताना शेषराव उगीचच वाकून आपली चप्पल नीट करायचे. संसारात, नोकरीत, कुठंच त्यांना कोणी भिंत म्हटलेलं नव्हतं.

आता हरणाकडे नुसतं वाकड्या नजरेनं पाहिलं तरी जेल. म्हणून ढोल नाहीत, डबे नाहीत. गावातले सात-आठ जण नुसत्या काठ्या झाडांवर ठोकत येणार होते, सरपणाला निघाल्यासारखे.

"तो येनार हे तुमाले माहीत होतं," मोनाली पायवाटेवरून पलीकडे म्हणाली.

"हाक्यात बोलत नसते."

"सुरू कुठं झाला हाका अजून?"

शेषरावांनी एक वाळकं पान उचललं आणि देठाशी खुडलं. "तुह्या मायनं फोन लावला होता जवाईले. मी नुसतं हो म्हनलं."

"नुसतं."

त्यांनी दुसरं पान उचललं.

सकाळी सुपेल्याहून निघताना तिला एवढंच सांगितलं होतं की बाबांना बळीरामकडे जायचं आहे, खोकला आला की त्यांच्या हातातली गाडी डगमगते, भावाची, भूषणची, स्कूटी आहे, तू चालव. माहेरी येऊन झालेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी तिला घराबाहेर जा म्हणत होतं. तिनं दुसरा प्रश्न विचारला नाही. आईनं, तुळसाबाईंनी, बॅग भरून दिली.

"एका दिवसासाठी एवढी जड?"

"दशम्या हायेत, चटनी हाय," तुळसाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. हात कोरडेच होते.

रस्त्यात, बालोद सोडल्यावर, शेषराव मागून वाऱ्यावर ओरडून ओरडून हाका समजावत होते. "जनावराच्या अंगाले कोनी बोट लावत नाई, मोना! तीन बाजूंनं नुसती टकटक. एक बाजू चूप. त्याले वाटते, रस्ता आपनच धरला!" तेव्हा ती मोठ्यानं हसली होती.

आणि मग बळीरामच्या अंगणात राजदीपची मोटरसायकल दिसली. हँडलचा लाल गोंडा तिनंच बांधलेला, लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला. तिनं असा ब्रेक दाबला की शेषरावांचं कपाळ तिच्या पाठीवर आपटलं. राजदीप हसत पुढे आला, सासऱ्याच्या पाया पडला, आणि तिच्याशी एक शब्द बोलायच्या आधी स्कूटीवरची बॅग उचलून आपल्या गाडीच्या कॅरियरला रबरी दोरानं बांधून मोकळा झाला. आडवे दोन वेढे, उभा एक.

"शाम को यहीं से सीधे घर निकल जाएंगे," तो म्हणाला. "तुमालेबी परतीचा ताप नाई, मामाजी."

बॅगेच्या अर्धवट लागलेल्या चेनमधून हिरव्या साडीचा काठ बाहेर आला होता. दशम्या हिरव्या साडीत गुंडाळायची पद्धत तुळसाबाईंच्या माहेरी नव्हती.

राजदीप वाईट माणूस आहे असं ते दोघं राहायचे त्या भिलाई-तीनमध्ये कोणी म्हणालं नसतं. दारू नाही, आवाज चढवणं नाही. रविवारी भाजी निवडून द्यायचा. फक्त ड्यूटीवर जाताना क्वार्टरला बाहेरून कडी लावायचा. पहिल्या दिवशी मोनालीला वाटलं, चुकून लागली. दुसऱ्या दिवशी त्यानं समजावून सांगितलं, अगदी गालाला हात लावून: जमाना खराब आहे, तू दुपारची झोपतेस, कोणी घुसलं तर? ड्यूटी लांबली की कडीही लांबायची. खिडकीच्या गजांना धरून ती यार्डातल्या मालगाड्या पाहायची. त्यासुद्धा सिग्नल मिळाला की निघून जायच्या. उन्हाळ्यात एकदा दिवसभर लाइट नव्हती. तेव्हा तिनं गजांतून एका पापडवाल्याला हाक मारली, आणि काय सांगावं ते न सुचून पापड घेतले. त्या आठवड्यात राजदीपनं खिडकीला जाळी बसवली. डासांसाठी, म्हणाला.

हे सगळं तिनं आईला सांगितलं तेव्हा तुळसाबाई बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या.

"हात तं नाई ना उचलत?"

"नाही."

"मंग कडीच तं लावते, बाई."

त्यानंतर तिला परत जा असं घरात कोणी एकदाही म्हटलं नाही. शेजारच्या अंजनाबाई रोज संध्याकाळी वाटी घेऊन साखरेला यायच्या, "जवाई नाई आले का अजून?" विचारायच्या आणि साखर न घेताच जायच्या. भूषण अंथरूण टाकताना भिंतीशी बोलल्यासारखं म्हणायचा, जागाच पुरत नाही यार. आई नुसता उसासा टाकायची, पण तो टाकायला नेमकी मोनालीच्या मागे येऊन उभी राहायची. आणि शेषराव पेपर वाचायचे. तोच पेपर, सकाळी आणि संध्याकाळी.

टक्.

आवाज लांबून आला, टेकाडाच्या मागून. मग दुसरीकडून. टक्, टकटक. एक मोर ओरडून उडाला. वानरं फांद्या हलवत पुढे सरकली. मोनालीनं गोटे घट्ट धरले. आवाज जवळ येत नाही असं वाटायचं, आणि मग कळायचं की आला आहे. डावीकडे टकटक, उजवीकडे टकटक, मागे टकटक. कोणी घाईत नव्हतं. समोर, पळसांच्या रांगेपलीकडे, जिथं राजदीप बसला होता, तिथं मात्र अगदी शांत होतं. तिथं ऊनसुद्धा चांगलं पडलं होतं.

तिच्या बगलेतून घाम ओघळला. आपण उठून उभं राहावं असं तिला वाटलं. उठून कुठं जावं हे मात्र तिला सुचेना.

वाळकी पानं वाजली.

चितळाची मादी होती. पायवाटेच्या वरच्या टोकाला येऊन ती थांबली, पुढचा एक पाय अधांतरी धरून. एका कानाची कड फाटलेली होती. फाटका कान मागच्या आवाजाकडे वळलेला, धड कान समोरच्या शांततेकडे. तिच्या पोटाची कातडी थरथरत होती, अंगावर माशी बसल्यासारखी. मग तिनं मान फिरवून खाली नाल्याकडे पाहिलं. म्हणजे मोनाली आणि शेषराव यांच्या मधून.

मोनालीनं गोटे छातीशी आणले. उजवा वर, डावा खाली, सांगितल्यासारखे. त्यांच्यात बोटभर अंतर होतं. ते अंतर तसंच राहिलं.

तिनं बापाकडे पाहिलं.

शेषरावांचे हात तयार होते. गोटे कधी वाजवायचे हे त्या हातांना कोणी सांगावं लागत नव्हतं. मादी एक पाऊल खाली उतरली. शेषरावांचे खांदे वर गेले, आणि मोनालीला कळलं, खोकला येतो आहे. गोट्यांचीही गरज नव्हती आता. नुसत्या खोकल्यानं जनावर वळलं असतं.

शेषरावांनी एक गोटा मांडीवर ठेवला. मग दुसरा, पहिल्याला लागणार नाही असा. गळ्यातला गमछा ओढून त्यांनी त्याचा बोळा केला आणि तोंडात कोंबला, दोन्ही हातांनी, आतवर. मानेच्या शिरा फुगल्या. चेहरा विटेसारखा लाल झाला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, अंग आतल्या आत गदगदत राहिलं, पण आवाज म्हणून बाहेर आला नाही. ते हरणाकडे पाहत नव्हते. मोनालीकडे पाहत होते.

मादी दोघांच्या मधून गेली. धावलीसुद्धा नाही. तिच्या अंगाचा ओल्या गवतासारखा वास आला आणि गेला. नाल्यात चार दगड घरंगळले.

मग शेषरावांनी गमछा तोंडातून काढला आणि पोटभर खोकले.

थोड्या वेळानं माणसं गोळा झाली. राजदीप बळीरामची भरमार बंदूक खांद्यावर टाकून आला. इतका वेळ एका जागी बसून त्याची पँट चुरगळली होती.

"कहाँ गया? मले आवाज आला होता. किसकी तरफ से गया?"

मोनालीनं तोंड उघडलं.

"माह्याकडून," शेषराव म्हणाले. "डुलकी लागली."

कोणीतरी हसलं. बळीराम हसला नाही. तो पायवाटेवर वाकला, मातीतल्या खुरांच्या खुणा पाहिल्या. त्या अगदी मधोमध होत्या, दोन्ही बाजूंना सारख्या जवळ. मग त्यानं शेषरावांच्या हातातला ओला, दातांनी चावलेला गमछा पाहिला. गुडघ्यावर हात टेकत उठला आणि खुणांवरून पाय फिरवला, सहज, चालता चालता फिरवावा तसा.

"सियान हो गेस गा, शेषराव," तो म्हणाला. म्हातारा झालास.

"झालो ना, भाई."

अंगणात परत येईपर्यंत राजदीप हरणाची हळहळ विसरला होता. त्यानं गाडीची किल्ली बोटावर फिरवली. "चल मोनाली. अंधार के पहले पहुँचना है."

शेषराव त्याच्या गाडीपाशी गेले आणि रबरी दोर सोडू लागले. आधी उभा वेढा, मग आडवे दोन. घाई नव्हती त्यांना.

"काय पाहिजे, मामाजी? मी काढून देतो."

"दशम्या हायेत आत."

"मग दशम्या घ्या ना. बॅग राहू द्या."

शेषरावांनी बॅग उचलली. दोराची नीट गुंडाळी केली आणि ती जवायाच्या हातात दिली, दोन्ही हातांनी, आहेर द्यावा तशी.

राजदीपचा आवाज अजूनही चढला नाही. "मामाजी, बात हुई थी ना अपनी? ठरलं होतं."

"ठरलं होतं," शेषराव म्हणाले, आणि त्यांना खोकला आला.

असा खोकला मोनालीनं त्यांचा कधी ऐकला नव्हता. राजदीप काहीतरी विचारत होता, ते हातानं थांब म्हणत होते आणि खोकत होते. बळीरामची बायको पाणी घेऊन आली, ते मानेनं नको म्हणाले आणि खोकत राहिले. खोकतच त्यांनी बॅग स्कूटीच्या पुढ्यात ठेवली, मोनाली पुढे बसताच खोकतच मागच्या सीटवर चढले, आणि मोनालीच्या पाठीला मागून बोटांनी एक ढोसणी दिली. एवढ्या आजारी माणसाची वाट कोण अडवणार? राजदीप गुंडाळलेला दोर हातात धरून बाजूला झाला.

"फोन करतो मी," तो म्हणाला. "आईंना."

मोनालीनं गाडी सुरू केली.

लाइनीच्या फाटकाशी थांबावं लागलं. लाल मातीनं माखलेली मालगाडी जात होती, संपता संपत नव्हती. मोनालीनं आरशात पाहिलं. शेषराव शांतपणे चाकांखालचा आवाज ऐकत होते, मान किंचित तिरकी करून, जुन्या सवयीनं.

"खोकला थांबला?"

"कोनता?"

डबे जात राहिले. घरी दोन खोल्या होत्या, भूषणचं अंथरूण होतं, अंजनाबाईंची वाटी होती. राजदीपचा फोन त्यांच्या आधी पोचलेला असणार होता.

"माय दारातच उभी असन," ती म्हणाली.

"असन ना." त्यांनी सीटवर हळूच टिचकी मारली. "मोना, भूषणच्या या डिक्कीत स्क्रू काढाचा पेचकस असते का?"

"असन. कावून?"

"आपल्याबी दाराले बाहेरून एक कडी हाय."