सातचा पाढा, खिडकीच्या डावीकडे

परीक्षेच्या आदल्या दिवशी पिकेट्स लँडिंगच्या सरकारी शाळेत भिंती झाकल्या जात. राज्याचा नियमच होता तसा. वर्गात पाढे दिसायला नकोत, नकाशे नकोत, आणि 'तुला जमेल!' असं लिहिलेलं मांजराचं चित्रसुद्धा नको. मग सगळे शिक्षक खाकी कागदाच्या भल्यामोठ्या गुंडाळ्या घेऊन शिडीवर चढत आणि संध्याकाळपर्यंत वर्ग एखाद्या बांधून ठेवलेल्या पार्सलासारखे दिसू लागत.

व्हर्निस गॅटलिनबाई हे काम गाणं गुणगुणत करायच्या. चौथीला गणित शिकवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. अंगाने भरलेल्या, आवाजाने त्याहून भरलेल्या, रविवारी चर्चला जाताना डोक्यावर अशी टोपी घालायच्या की मागच्या बाकावरच्यांना पाद्री दिसायचा नाही. नदीकाठचं ते गाव गरीब, शाळा त्याहून गरीब. राज्याच्या निकालात त्यांचा जिल्हा तळाला आणि जिल्ह्यात त्यांची शाळा तळाला, हे जणू ठरूनच गेलं होतं. बाईंना मात्र ते कधीच मान्य नव्हतं. "पोरं मठ्ठ नाहीत," त्या म्हणायच्या, "त्यांना वस्तू जागेवर ठेवायला कुणी शिकवलं नाही, एवढंच."

ही जागेची गोष्ट बाईंच्या डोक्यातून निघालेली. ऑगस्टमध्ये शाळा उघडली की त्या भिंतीवर स्वतःच्या हाताने रंगवलेले तक्ते लावत, आणि मे महिन्यापर्यंत त्यातला एकही तसूभर हलत नसे. सातचा पाढा खिडकीच्या डावीकडे. अपूर्णांकांच्या पट्ट्या दारावर. मागच्या भिंतीवर कोन आणि आकार. काहीही विचारलं की पोरांनी आधी तिकडे बोट करायचं, मग उत्तर द्यायचं. "आईला अंधारात मिठाचा डबा कसा सापडतो?" बाई विचारायच्या. "जागेवर असतो म्हणून," अख्खा वर्ग ओरडायचा.

त्या वर्षी परीक्षेला राजधानीहून एक निरीक्षक आला. ड्वाइट प्रूइट त्याचं नाव. सडपातळ, नीटनेटका, छातीशी फाइल धरलेला. माणूस वाईट नव्हता, पण संशय घेण्याचाच पगार मिळत असेल तर माणूस तरी काय करणार? तो वर्गाच्या मागे उभा राहिला आणि त्याला एक विलक्षण गोष्ट दिसली. पोरं पेन्सिल थांबवत होती, मान वर करत होती आणि खिडकीच्या डावीकडच्या कोऱ्या खाकी कागदाकडे टक लावून बघत होती. एक झालं की दुसरं. काही जण हवेत बोट धरत होते. एक पोरगा तर चक्क वळून दाराकडे बघत बसला, आणि मग खाली वाकून त्याने उत्तराचा गोल काळा केला.

पेपर संपल्यावर प्रूइटने तो कागद फाडला. खाली सातचा पाढा. दारावरचा फाडला, खाली अपूर्णांक. त्याने फाडलेला कागद उजेडात धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. आरपार काही दिसेना. तरी त्याने लिहायचं ते लिहिलं.

मेच्या शेवटी निकाल लागला. बाईंचा वर्ग जिल्ह्यात पहिला होता. आणि त्याच पाकिटात दुसरं पत्र होतं, की या वर्गाचे गुण संशयास्पद असल्याने रोखून ठेवले आहेत.

मुख्याध्यापक लमार टूमी यांची पाचावर धारण बसली. त्यांनी बाईंना खोलीत बोलावून दार लावून घेतलं. हे टूमीसाहेब लहानपणी बाईंच्याच वर्गात शिकलेले, त्यामुळे चारचौघांत 'साहेब' असले तरी दार लागलं की ते पुन्हा नऊ वर्षांचे व्हायचे.

"बाई, या कबुलीवर सही करून टाका," कागद पुढे सरकवत ते म्हणाले. "भिंती झाकण्यात कसूर झाली, एवढंच लिहिलंय. वर्गाचे गुण रद्द होतील, पण तुमच्यावर पुढे काही कारवाई नाही. पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचंय तुम्हाला."

"कसूर झाली का?"

"ते जाऊ द्या हो."

"लमार, माझ्याकडे बघ. झाली का?"

"नाही."

"मग कर नाही त्याला डर कशाला? आणि रद्द कुणाचं होणार? माझं? माझं काय जातंय! त्या पोरांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पहिला नंबर दिला. आता त्यांना सांगू, की बाळांनो, तो चोरीचा होता?"

"मग काय करायचं म्हणता?"

बाईंनी उचलली जीभ लावली टाळ्याला. "पुन्हा परीक्षा घ्या म्हणावं. नवा पेपर काढा. तुमच्या राजधानीत घ्या, तुमच्याच खोलीत, तुमच्याच माणसांसमोर. मी दाराबाहेर बसते. तेवढेच गुण पडले नाहीत तर मी सही करते, आणि वर राजीनामाही देते."

"राजीनाम्याचं कुणी विचारलं नव्हतं बाई," टूमीसाहेब हळूच म्हणाले.

"मी न विचारताच देणारी आहे. लिही तू."

राजधानीने होकार दिला. जूनमधली एक सकाळ ठरली. पोरांच्या आयांनी पोरांना रविवारचे कपडे घातले, आणि चर्चची जुनी बस बाईंच्या नवऱ्याने, रूफसने काढली. रूफस मासे साफ करण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, कमी बोलणारा आणि बोलला की खोचक बोलणारा गृहस्थ.

"व्हर्निस," तो म्हणाला, "स्वर्गाच्या दारात गेलीस तरी तू आधी त्यांचीच हजेरी घेशील."

"घेईन. तू चालव."

बस कापसाच्या शेतांमधून पळत होती. बाई पुढच्या सीटवर ताठ बसल्या होत्या, जणू मिरवणूकच निघाली होती. तेवढ्यात मागून ट्रेव्हिऑन उठून आला. परीक्षेत दाराकडे वळून बसलेला पोरगा तो हाच.

"बाई, त्या खोलीत खिडकी कुठल्या बाजूला आहे?"

"मला काय ठाऊक? मी कुठे बघितलीय? का रे?"

"मग सातचा पाढा कुठे बघायचा?"

बाईंनी मागे वळून पाहिलं. सगळ्या पोरांचे कान इकडेच होते. तीस वर्षं त्यांनी अभिमानाने सांगितलं होतं की वस्तू जागेवर असली की सापडते. आणि आज त्यांनी स्वतःच्या तोंडाने, कुणी न मागता, त्या पोरांना त्या जागेवरून उचलून परक्या घरात नेलं होतं. परक्या स्वयंपाकघरात कुणाला मीठ सापडतं? हा एवढा साधा विचार लमारच्या खोलीत सुचला असता तर काय बिघडलं असतं! पण तेव्हा रागाने डोकं भरलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडी फुशारकीही होती.

"खिडकी असेलच कुठेतरी," त्या म्हणाल्या. "जा, बस जागेवर."

रूफसने आरशातून बायकोकडे पाहिलं. त्याने बसची गती थोडी कमी केली.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि तिला खिडकीच नव्हती. पांढऱ्या भिंती, वर नळ्यांचे दिवे, ओळीने मांडलेली टेबलं. प्रूइट दारात उभा होता. "बाई, तुम्ही इथे बाकावर," तो नम्रपणे म्हणाला. "तुमच्याकडून एक शब्द किंवा एक खूण झाली तरी परीक्षा तिथेच थांबेल. मला तसं करायला आवडणार नाही."

बाईंनी पर्समधून पेपरमिंटची गोळी काढली आणि तोंडात टाकली. जिभेला काहीतरी काम हवं होतं. दार अजून उघडंच होतं. आतली कारकून बाई पेन्सिली वाटत होती, आणि पोरं आपापल्या खुर्चीवर बसून भिंतींकडे बघत होती. इकडे बघत, तिकडे बघत, वर बघत. ट्रेव्हिऑनचे डोळे भरून आले होते. बाईंना ते इथून दिसत होतं. त्यांच्या सगळ्या नोकरीत एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. पोराचे डोळे आपल्यामुळे भरावेत, आणि आपण गोळी चघळत बसावं! एक शब्द, फक्त एक शब्द बोलावा असं त्यांना वाटलं. पण कुठला शब्द, तेही त्यांना सुचत नव्हतं.

मग जकायला मिम्सने हात वर केला. दोन वेण्यांची, किरकिऱ्या आवाजाची मुलगी. वर्षभर तिने बाईंचं डोकं खाल्लं होतं, कारण तिला प्रत्येक गोष्टीचं 'का' हवं असायचं.

"मॅडम, अजून पेपर सुरू नाही झाला ना?"

"नाही. पाच मिनिटं आहेत," कारकून बाई म्हणाली.

"मग बोललं तर चालेल?"

"हो… चालेल, वाटतं."

जकायला खुर्चीवरच मागे वळली. "ए ट्रेव्हिऑन, रडतोस काय? तो झेंडा बघ."

कोपऱ्यात काठीला लावलेला देशाचा झेंडा उभा होता. सरकारी खोली म्हटली की तो असतोच.

"सकाळी शपथ म्हणताना आपण कुठे तोंड करतो?"

"झेंड्याकडे."

"आणि आपला झेंडा कुठे?"

"फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात," दोघं-तिघं म्हणाली.

"मग फळा तिथे," जकायलाने एका कोऱ्या भिंतीकडे हात केला. "म्हणजे दार इथे, खिडकी तिथे. आपण उलटे बसलोय बावळटांनो! या लोकांनी वर्ग उलटा लावलाय." आणि पुन्हा हात वर. "मॅडम, खुर्च्या फिरवल्या तर चालेल का?"

कारकून बाईने प्रूइटकडे पाहिलं. प्रूइटने नियमांचं जाड पुस्तक उघडलं. दोन मुलांमध्ये किती अंतर हवं, पेन्सिल कुठली हवी, एखाद्याने पेपरवर उलटी केली तर तो पेपर कसल्या पिशवीत भरायचा, सगळं त्यात होतं. मुलाने कुठे तोंड करून बसावं, हे मात्र कुणी लिहून ठेवलं नव्हतं. त्याने पानं मागे-पुढे केली आणि शेवटी मान हलवली. "मनाई नाही."

अख्ख्या मजल्यावर खुर्च्या सरकल्याचा आवाज गेला. पोरं उठली, टेबलं ढकलली आणि झेंडा उजवीकडे येईल अशी बसली. मग सगळ्यांच्या माना हळूहळू डावीकडे वळल्या, एका पांढऱ्या भिंतीकडे, जिथे काहीही नव्हतं. ट्रेव्हिऑनने बाहीने नाक पुसलं आणि बोट हवेत धरून पाहिलं. मग तो हसला. कारकून बाईने दार लावलं.

गॅटलिनबाई त्या बाकावर बसून रडल्या. आवाज न करता, पण चांगल्या रडल्या. त्यांना वाटत होतं की पोरांना त्या भिंतीशिवाय पाढा सापडणार नाही, आणि पोरांनी तर सगळा वर्गच उचलून बरोबर आणला होता. हे त्यांनी शिकवलेलं नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांना इतका आनंद झाला होता. रूफस बस लावून वर आला, शेजारी बसला आणि त्याने रुमाल पुढे केला.

"हरलीस का?" त्याने विचारलं.

"छे रे. हरते कसली!"

पेपर तपासायचं यंत्र त्याच मजल्यावर होतं. पोरं खुर्च्यांवर बसून पाय हलवत होती, भूक लागली म्हणून कुरकुरत होती. कारकून बाईने त्यांना बिस्किटं दिली. शेवटी प्रूइट कागद घेऊन आला आणि दारातच थांबला. त्याने तो कागद दोनदा वाचला होता, तरी पुन्हा एकदा त्यावर नजर टाकली.

"गुण तेवढेच आहेत," तो म्हणाला. "तिघांचे वाढलेत. याचे सगळ्यात जास्त." त्याने ट्रेव्हिऑनकडे पाहिलं. "रोखलेले गुण आजच सोडतो. ते पत्र मी मागे घेतो, बाई. लेखी देतो."

"द्या," बाई म्हणाल्या. "आणि एक प्रत लमारला पाठवा. बिचारा जेवला नसेल."

पोरं गलका करत बाहेर पळाली. प्रूइट तिथेच उभा राहिला. त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि ते विचारायची लाज वाटत होती. शेवटी त्याने जकायलाला थांबवलं.

"सात अठ्ठे किती?"

"छप्पन्न."

"कुठे आहे ते?"

"तिथे," जकायला म्हणाली आणि न बघताच मागे बोट करून रूफसच्या मागोमाग पळाली.

प्रूइटने फाइल टेबलावर ठेवली. तो पोरांच्या एका छोट्या खुर्चीवर बसला, झेंडा उजवीकडे घेतला आणि मान डावीकडे वळवली. पांढऱ्या भिंतीकडे तो बराच वेळ बघत राहिला, अगदी मनापासून.

बाईंनी पर्स उचलली, टोपी नीट केली आणि दारातून म्हटलं, "साहेब, फार बघू नका तिकडे. उद्या तुमच्या नावाने पत्र येईल."