निनादची पहिली तीन इंजेक्शनं

बुधवारी सकाळी साडेआठलाच अबोली गजभिये लखनऊच्या निशातगंजमधल्या अंगणवाडीच्या पायऱ्या एक सोडून एक अशा चढली. सहा महिने ती दुसऱ्या नर्सच्या हाताखाली लसी टोचत होती. आज पहिल्यांदाच यादी तिची, लसींचा थंड डबा तिचा आणि खाली सहीही तिचीच होती. डबा आल्यापासून तिनं त्याचं झाकण तीनदा चाचपून पाहिलं. केव्हा एकदा नऊ वाजतात असं झालं होतं.

"दीदी, आज इक्कीस बच्चे," सतरंजी अंथरता अंथरता आशा वर्कर सरोज म्हणाली. "एक और है, पर उसकी माँ का भरोसा नहीं. बच्चा ढाई महीने का हो गया, छह हफ्ते वाला टीका अब तक बाकी. दो बार मैं गेट तक लाई, दोनों बार भाग गई."

"आज नहीं भागेगी," अबोली म्हणाली. बोलून झाल्यावर तिचं तिलाच हसू आलं. हे कशाच्या जोरावर बोललो आपण?

नऊला बायका यायला लागल्या. नावं लिहा, कार्डं तपासा, वजनं करा, कुणाचं बाळ दुपट्यातून सोडवा. अबोलीचा हात असा चालायला लागला की तिचं तिलाच नवल वाटलं. पहिलं बाळ रडलं आणि गप्पही झालं. दुसऱ्यानं तर नुसतं तोंड वाकडं केलं. त्याची आजी म्हणाली, "बेटी, तेरा हाथ हल्का है," आणि अबोलीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तेवढ्यात सरोज एका बाईला जवळजवळ ढकलतच आत घेऊन आली. चोवीस-पंचविशीची, डोळ्यांखाली काळं, छातीशी बाळ असं आवळलेलं की त्याचं एक पाऊल तेवढं बाहेर दिसत होतं. कार्डावर नाव होतं रुचिरा जाधव. बाळाचं निनाद. ती भिंतीशी बसली आणि बाळाच्या कानाशी पुटपुटली, "नाही हं राजा, काही नाही. आपण नुसतं बघायला आलोय."

अबोलीनं चमकून वर पाहिलं. मराठी!

अबोलीचे वडील बबन गजभिये टपाल खात्यात, मूळचे भंडाऱ्याचे. घरात आई-बाप मराठीत बोलायचे आणि लखनऊत जन्मलेली अबोली हिंदीत उत्तरं द्यायची. वडील चिडायचे, "अवं, तोंड दुखते का तुझं मराठी बोलाले?" दुखत नव्हतं, पण घराबाहेर कधी गरजच पडली नव्हती. आताही काहीतरी बोलावं असं तिच्या मनात आलं, पण समोर पाचव्या नंबरचं बाळ होतं, हातात सिरिंज होती.

त्या बाळानं सुई लागताच जी किंकाळी फोडली, तिनं अख्खी खोली दचकली. अबोलीनं सुई काढली, कापसाचा बोळा दाबला, वर पाहिलं, तर भिंतीशी कुणी नव्हतं. दारात सरोज हात झटकत उभी होती.

"गई! मैंने कहा था न!"

अबोलीनं हातातलं काम संपवलं. सुई कापली, डब्याचं झाकण घट्ट लावलं, आईच्या हातात कार्ड दिलं. मग ती खोलीभर बायकांना म्हणाली, "पाँच मिनट, बस पाँच मिनट!" सरोजला डब्याजवळ बसवलं आणि ती निघाली. आधी चालत, मग पायऱ्यांवरून उड्या मारत, मग चक्क धावत.

गल्लीच्या तोंडाशी रुचिरा ई-रिक्षात चढत होती. "भाभीजी! रुकिए!" अबोली ओरडली. रुचिरानं मागंही पाहिलं नाही. रिक्षा हलली, दोन हात पुढं गेली आणि हिरव्या मटारांच्या हातगाडीमागं अडकली. अबोलीला धाप लागली होती. आणि तिच्या तोंडून जे निघालं ते तिनं ठरवून काढलेलं नव्हतं.

"ओ ताई! थांबा ना जी! काऊन पळता?"

रुचिराची मान गर्रकन वळली.

अबोली रिक्षाच्या दांडीला धरून उभी राहिली. "मी टोचायला नाही आली. नुसतं विचारायला आली."

"तुम्ही मराठी?" रुचिरानं विचारलं. "अहो, दोन महिने झाले, फोन सोडला तर कुणाच्या तोंडून मराठी ऐकलं नाही मी." एवढं बोलली आणि तिचा बांध फुटला. ती कराडची. नवरा अनिकेत सैन्यात, तिकडं उंचावरच्या, बर्फातल्या चौकीवर. फोन लागला तर लागला. इथल्या छावणीत क्वार्टर मिळायचं होतं, तोवर भाड्याची खोली. निनाद महिनाभर आधी जन्मला आणि बारा दिवस मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होता.

"रोज सुया टोचायच्या हो त्याला. औषधासाठी, रक्तासाठी. त्यांनी जगवलं माझ्या पोराला, मी नाही म्हणत नाही. पण तो काचेच्या पलीकडं रडायचा आणि मी अलीकडं. मला हात लावता येत नव्हता. आता कुणी सिरिंज काढली की मला ती काचच दिसते."

ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं सगळं अबोलीच्या जिभेवर होतं: रोग कोणते, डोस किती, उशीर का करायचा नाही. पण या बाईला ते सगळं ठाऊक होतं. अडलं होतं ते दुसरीकडंच.

"ताई," ती म्हणाली, "इथं काच नाही. निनाद तुमच्या मांडीवर राहील. तुम्ही त्याला पाजत राहा, मी बाजूनं टोचते. प्रत्येक वेळी आधी सांगीन. तुम्ही थांब म्हटलं की थांबीन. रडेल तो, खोटं नाही सांगत. पण तुमच्या जवळ रडेल."

रुचिरानं डोळे पुसले. "तुम्ही किती वर्षं करताय हे?"

आली का पंचाईत! अबोलीनं खरं ते सांगून टाकलं. "शिकताना दोनशेवर बाळांना टोचलं. पण एकटीनं आज पहिलाच दिवस."

रिक्षावाला मागं वळून वैतागला, "मैडम, बैठना है कि उतरना है?"

रुचिरानं त्याला हातानंच थांबवलं आणि अबोलीला विचारलं, "मग भीती वाटत असेल ना तुम्हालाही?"

"वाटते ना जी! सकाळपासून चहासुद्धा गेला नाही घशाखाली."

रुचिरा हसली, ओल्या डोळ्यांनीच. "चला मग," ती म्हणाली. "दोघी मिळून भिऊ." आणि ती रिक्षातून उतरली.

दोघींना परत येताना पाहून सरोजनं कपाळावर हात मारून घेतला, पण आनंदानं. बायकांनी नंबरावरून भांडण तर काढलं नाहीच. उलट कुणीतरी खिडकीशी जागा करून दिली, कुणी आडोशाला ओढणी धरली. रुचिरानं निनादला मांडीवर घेतलं. अबोलीनं लसीचं नाव आणि तारीख मोठ्यानं वाचून दाखवली. आधी तोंडातून द्यायच्या दोन लसी. निनादनं पहिल्या थेंबांवर मिटक्या मारल्या, दुसऱ्या लसीला भुवया आकसल्या. मग रुचिरानं त्याला छातीशी लावलं.

"आता उजव्या दंडावर. अगदी बारीक सुई. देऊ?"

"द्या."

निनाद दचकला, "अँ" केलं आणि परत प्यायला लागला. रुचिरानं वाकून पाहिलं. "झालं?"

"झालं. आता उजवी मांडी. पाय असा धरा, सैल. देऊ?"

"द्या."

या वेळी तो रडला, पण पाच-सात सेकंदच.

"आता शेवटचं, डावी मांडी. हे जरा झोंबते, ताई."

रुचिरानं डोळे मिटले नाहीत. तिनं निनादच्या डोळ्यांत पाहिलं आणि मान हलवली. अबोलीचा हात आता स्थिर होता, इतका की तिला स्वतःचीच ओळख पटेना. सुई गेली, लस गेली, सुई बाहेर. आणि निनादनं नाव सार्थ केलं! रस्त्यावरचा मटारवालासुद्धा वर बघत असेल असा टाहो.

"माशाअल्लाह, क्या आवाज पाई है!" ओढणी धरलेली बाई म्हणाली आणि खोलीत हशा पिकला.

रुचिरा डुलत होती, "आहे मी, आहे मी इथं," म्हणत होती. मिनिटभरात टाहोचं हुंदक्यात आणि हुंदक्याचं चुटुचुटु पिण्यात रूपांतर झालं. तिनं वर पाहिलं. चेहरा नुसता फुलला होता. "अहो, गप्प झाला! माझ्याजवळ गप्प झाला!"

अबोलीला तिथंच नाचावंसं वाटलं. अजून सोळा बाळं राहिली होती म्हणून नाचली नाही.

रुचिरा अर्धा तास थांबली. तेवढ्यात अबोलीनं सगळं समजावलं: आज ताप येईल, मांडी थोडी सुजेल, चोळायचं नाही, बर्फ लावायचा नाही, वजनाप्रमाणे तापाच्या औषधाचे किती थेंब ते चिठ्ठीवर लिहिलंय, आणि पुढची लस चार आठवड्यांनी. जाताना रुचिरानं तिचा फोन नंबर घेतला.

संध्याकाळी सहाला अबोली आलमबागला घरी पोचली आणि फोन वाजला. "शंभर पॉइंट चार!" रुचिराचा आवाज वर चढलेला होता.

"पितोय का? डोळे उघडून बघतो?" अबोलीनं विचारलं. "मग घाबरू नका ताई. चिठ्ठीवरचे थेंब द्या, अंगावरचं जाड पांघरूण काढा, तासाभरानं परत मोजा. मी फोन जवळच ठेवते."

बबनराव चहाचा कप हातात घेऊन दारात उभे राहून लेकीचं बोलणं ऐकत होते. "कोणाशी बोलते वं मराठीत?" त्यांनी बायकोला हळूच विचारलं. तिनं त्यांना गप्प बसायची खूण केली.

सव्वासातला परत फोन आला. नव्व्याण्णव पॉइंट दोन. निनाद पाय झाडत होता आणि पंख्याकडं बघून हसत होता.

"आणि ऐका ना," रुचिरा एका दमात म्हणाली, "आत्ताच यांचा फोन लागला होता, पहिल्या झटक्यात! त्यांना सगळं सांगितलं, रिक्षापासून. ते म्हणाले, तिकडं चौकीवर सगळ्यांना पेढे वाटतो. मी म्हटलं, बर्फात कुठले पेढे? तर म्हणाले, साखर वाटतो!"