चटईचा आकडा

नरडाण्याजवळच्या एका कारखान्याच्या कॉलनीत साहेब लोकांनी गोल्फचं छोटं मैदान केलं होतं. तिथं शिकवायचं आणि ज्याच्या त्याच्या उंचीप्रमाणे स्टिक बेतून द्यायचं काम पितांबरकडे होतं. तो मूळचा फिटर. चार फटके पाहिले की स्टिक किती कापायची ते त्याला कळायचं.

सत्त्याण्णव साली क्लबने फटका मोजणारी दोन मशीनं आठवडाभर वापरून बघायला मागवली. एक डबा होता. तो चेंडूचा वेग आणि दिशा सांगायचा. दुसरी चटई, तिच्यावरून मारलं की स्टिकचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, कुठे वळलंय ते दाखवायची. कोणतं ठेवायचं ते पितांबरने सांगावं, असं सेक्रेटरी म्हणाले.

मैदानात पाणी साचलेलं, म्हणून त्याने व्हरांड्यात चेंडू अडवायला बांधलेल्या जाळीपुढे लताबाईंना उभं केलं. त्या कॉलनीतल्या शाळेत खेळ शिकवायच्या. महिन्याभराने पुण्याला स्पर्धेला जाणार होत्या, आणि त्यांचा हात त्यानेच घडवला होता. डब्याने चेंडू सरळ दाखवला, चटईने तोंड उजवीकडे. पितांबरच्या डोळ्यांनाही फटका सरळच दिसत होता. पण चटईवर आकडे जास्त, सेक्रेटरी खूश, आणि आपण अडाणी ठरू ही धास्ती. त्याने चटई ठेवायला सांगितली, डबा परत गेला. मग चटईच्या आकड्याप्रमाणे त्याने लताबाईंच्या स्टिका व्हाइसच्या पकडीत धरून त्यांची तोंडं डावीकडे वाकवली.

दोन दिवसांनी त्या म्हणाल्या, "भाऊ, स्टिक हातात परकी वाटते."

"मशीन खोटं बोलस का, बाई?" तो म्हणाला.

पुण्यात त्यांचा एकेक चेंडू डावीकडे झाडीत गेला. त्या शेवटच्या आल्या. परतल्यावर स्टिका क्लबवर ठेवून गेल्या आणि यायच्या बंद झाल्या.

पुढे कारखान्यातल्या हिलाल टर्नरच्या स्टिकचं तोंडही चटईवर उजवीकडे दिसलं, मग मॅनेजरसाहेबांच्या स्टिकचंही. तेव्हा कुठे पितांबरने जाळीपासून चटईपर्यंत दोरी ताणली. चटई त्याने फरशीच्या रेघेला लावली होती, आणि जाळीच्या मानाने ती रेघच तिरपी होती. फिटरच्या हाताने ही दोरी पहिल्याच दिवशी ताणायला हवी होती.

त्यांच्या स्टिका पुन्हा सरळ करून, त्या घेऊन तो लताबाईंच्या क्वार्टरवर गेला आणि सगळं सांगितलं. त्यांनी चहा दिला, एक स्टिक हातात धरून पाहिली.

"आता बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण मी तेव्हा सांगितलं होतं, भाऊ. तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाही."

त्यांनी स्टिका ठेवून घेतल्या. मैदानावर मात्र त्या पुन्हा कधी आल्या नाहीत.